बाज कधी सोडावा?

संन्यास केव्हा घ्यावा, या प्रश्नाला जाबालोपनिषदाने मोठे धीट उत्तर दिले आहे. ब्रह्मचर्य, गृहस्थाश्रम, वानप्रस्थ ही पायऱ्यांची वाट सांगून झाल्यावर ते म्हणते की ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी निघावे, कोणत्या आश्रमात आहोत ते पाहत बसू नये. स्वतः घर सोडणाऱ्याला एवढा नियम पुरतो. पण सोडायचे आहे ते आपणच धरलेले, आपल्या हातावर बसायला शिकवलेले पाखरू असेल, तर? वैराग्य आपले आणि रानात जायचे त्याने. आपल्याकडे हा पेच आता पडत नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोदाला, म्हणजे बाजाकडून करवायच्या शिकारीला, जागा दिली होती खरी. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातले शिकारी पक्षी धरणे-बाळगणे बंद झाले. अमेरिकेत मात्र परवाना घेतलेल्या बाजदारांपुढे हा पेच दर हंगामाच्या शेवटी उभा राहतो.

तिथली रीत अशी. नवशिक्याला शरद ऋतूत रानातला बाज धरता येतो, तो घरटे सोडून बाहेर पडलेला आणि एक वर्षाच्या आतला असावा लागतो. बहुतेक जण लाल शेपटीचा बाज धरतात. हे वय विचार करूनच ठरवले आहे. या पक्ष्यांची निम्म्याहून अधिक पिल्ले पहिले वर्ष ओलांडत नाहीत. भूक, थंडी, मोटारी आणि विजेच्या तारा त्यांना खातात. त्यामुळे एखादे पिल्लू धरल्याने अंडी घालणाऱ्या जोड्यांना तोशीस लागत नाही, असा हिशेब. हिवाळाभर बाजदार त्याला ससे आणि खारी मारायला नेतो. रानातून धरलेला पक्षी विकता येत नाही, म्हणून एक-दोन हंगामांनी त्याला ठेवायचे की सोडायचे, हे ठरवावे लागते. बरेच जण सोडतात.

हे ठरवताना जी कारणे सर्वांत आधी ओठांवर येतात, ती मला सर्वांत कमी उपयोगाची वाटतात. स्वातंत्र्य हा जिवाचा हक्क आहे, म्हणून सोडा. रान क्रूर आहे, माझ्याकडे तो सुरक्षित आहे, म्हणून ठेवा. माझा जीव जडला आहे, म्हणून ठेवा. किंवा जीव जडला आहे हेच वाईट, म्हणून सोडा. यांतले एकही खोटे नाही. अडचण एवढीच की ही सगळी कारणे रोज खरी असतात. पहिल्या दिवशी खरी होती, दहा वर्षांनीही खरी राहतील. जे कारण रोजच खरे, त्यावरून कोणताच एक दिवस ठरत नाही. त्या दिवशी मनाचा कल जिकडे असेल, तिकडे ते वळवून घेता येते. दिवस ठरवायचा तर दिवसागणिक बदलणाऱ्या गोष्टींकडेच पाहायला हवे.

अशा गोष्टी आहेत, आणि त्यातली पहिली तराजूवर दिसते. बाजदार पक्ष्याला रोज ग्रॅममध्ये तोलतो. सव्वा किलोच्या आसपासच्या मादीला तीस-चाळीस ग्रॅमचा फरक पुरतो: वजन थोडे उतरलेले असले की ती शिटीसरशी हातमोज्यावर येते, चढलेले असले की झाडावर बसून ढुंकूनही पाहत नाही. इथे एक आक्षेप हटकून येतो. शिकारीच्या वेळी बाज मोकळाच असतो, वाटले तर निघून जाऊ शकतो. तो परत येतो, म्हणजे राजीखुशीनेच राहतो. हा युक्तिवाद तराजूपुढे टिकत नाही. भूक मोजून ठेवलेल्या जिवाचे परत येणे ही संमती नव्हे. त्याच्याबद्दल काही कळायचे असेल तर आधी त्याला भरपूर खाऊ घालून अंगावर मांस चढू द्यावे लागते. सोडण्याआधी जाणते बाजदार तेच करतात. छातीच्या हाडाची धार बोटांना लागेनाशी होईपर्यंत. दुसरी गोष्ट पिसांची. हंगाम संपतो तेव्हा पिसे पुरती असतात, स्नायू शिकारीने कसलेले असतात आणि थोड्याच आठवड्यांत सशांची पिल्ले बाहेर पडणार असतात. ही वेळ टळली की पीसझड सुरू होते. पट्ट्यांची तपकिरी शेपूट जाऊन विटकरी तांबडी येते. पण वाढत्या पिसात रक्त असते, ते मोडले तर उडण्यात खोट राहते. उन्हाळाभर अड्ड्यावर बसलेला बाज शरदात नवी पिसे लेवून तयार दिसतो, मात्र अंगाने सुस्तावलेला असतो आणि पुढे हिवाळा असतो. त्याला पुन्हा शिकारीला जुंपून घडवल्याशिवाय सोडणे म्हणजे थाटामाटात मारणे. शेवटी घुंगरू काढायचे आणि पायबंदाचे चामडे कापून टाकायचे, कारण ते फांदीत अडकले तर पक्षी उलटा लटकून मरतो. या यादीत बाजदाराच्या मनःस्थितीला कुठेही जागा नाही.

आपल्या परंपरेत मात्र सारा प्रकाश सोडणाऱ्यावर पडलेला दिसतो. भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावर एकनाथांची टीका आपण वाचतो, अवधूताच्या गुरूंमध्ये कुरर पक्षी आहे: चोचीतले मांस टाकले आणि पाठीवरचे वैरी टळले. पाचव्या स्कंधातला भरत हरणाच्या पाडसात गुंततो आणि पुढच्या जन्मी हरीण होतो. ते पाडस एकटे जगू शकेल का, हे तिथे फारसे कुणी विचारत नाही. प्रश्न भरताच्या गतीचा आहे. मोक्षशास्त्राला हे शोभते, कारण तिथे बांधलेला आणि सुटणारा एकच असतो. पण हीच दृष्टी दुसऱ्याला सोडताना वापरली की पुण्यासाठी पिंजऱ्यातली पाखरे विकत घेऊन उडवायची चाल निघते. तेवढ्यासाठी पारधी नवी पाखरे धरतात, आणि उडालेल्यांतली किती संध्याकाळपर्यंत जगली हे दात्याला ठाऊक नसते. महाभारतातल्या शिबीच्या कथेत तेवढी बाजाची बाजू ऐकली जाते. कपोताला वाचवतोस, पण माझ्या भुकेचे काय, असा सरळ सवाल तो राजाला करतो, आणि राजाला दया बाजूला ठेवून तराजू मागवावा लागतो.

यावर कुणी म्हणेल की आसक्त माणसाला हे तटस्थपणे दिसणारच नाही. त्याला ‘अजून वजन कमी आहे’, ‘अजून एक हंगाम’ ही कारणे कायम सापडतील. हे मला मान्य आहे. म्हणून मंगोलियातल्या बायान-उल्गीच्या कझाक गरुडवाल्यांची रीत मला शहाणपणाची वाटते. मादी गरुड काही वर्षे वापरून वसंतात डोंगरात सोडायची, म्हणजे ती अंडी घालील, असा त्यांचा दंडक आहे. जवळ मेंढी मारून ठेवायचीही पद्धत सांगतात. वर्ष रूढी ठरवते, मालकाच्या हाती राहतो तो फक्त दिवस. पण वैराग्यही काही तटस्थ नसते. कंटाळा, खर्च आणि पक्षी आभाळात जाताना पाहण्याची हौस यांना वैराग्याचा वेष सहज चढतो. शिवाय दया त्या एका पक्ष्याशी संपत नाही: ब्रिटनमध्ये पुष्कळ जण पाळतात तो अमेरिकी हॅरिस बाज शिकारीत कितीही पटाईत असला तरी तिथे मोकळा सोडणे १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे, कारण ते रान त्याचे नाही.

माणसाने वाढवलेला पक्षी सुटू शकतो, याचा मोठा पुरावा बहिरी ससाण्याचा आहे. डीडीटीमुळे अमेरिकेत तो नाहीसा होत चालला तेव्हा टॉम केड यांनी १९७०मध्ये पेरेग्रिन फंड उभा केला आणि बंदिस्त जागेत वाढवलेले चार हजारांहून अधिक ससाणे सोडले. १९९९मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून निघाला. युक्ती बाजदारांचीच, जुनी: पिल्लांना उंच मनोऱ्यावरच्या पेटीत ठेवायचे, स्वतः न दिसता खाणे पोचवायचे, आणि ती उडून शिकार करू लागली की आपोआप यायची थांबतात. तिथे सोडण्याचा क्षणच नाही, आणि दोरी कापून पुण्य घेणाराही नाही. याच्या उलट टोकाला, डोळे उघडल्यापासून फक्त माणूस पाहिलेला बाज. तो मोठेपणीही माणसाकडेच खाणे मागत ओरडतो, जोडीदार म्हणूनही माणसालाच ओळखतो, आणि सोडला तर कुणा अनोळखी माणसाच्या अंगावर झेपावतो. त्याला केव्हा सोडावे, याचे उत्तर कधीच नाही असे आहे, आणि ते पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे असतानाच देऊन झालेले असते. बंदिवासात असा पक्षी वीस वर्षेही जगतो. तेवढी वर्षे त्याचे रोजचे मांस, अड्ड्याची साफसफाई, दुखणीखुपणी आणि आपल्यामागे तो कोणाच्या हाती जाईल याची तजवीज, हे सारे पिल्लू उचलणाऱ्याकडे लागते.