तारा निघाल्या, आता खरी साधना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या गुरुवारचं चिंतन जरा घरगुती आहे. विषय आहे दातांचा! हसू नका, शेवटपर्यंत वाचा. आणि घरात दातांना तारा लावलेलं मूल असेल, तर त्यालाही वाचून दाखवा.

आमच्या बेळगावच्या घरी धाकट्या लेकीच्या दातांना दोन वर्षं तारा होत्या. दर महिन्याला डॉक्टरांकडे खेप. तारा आवळल्या की दोन दिवस नुसता आमटी-भात. तारा निघाल्या त्या दिवशी आम्ही कुंदा आणून देवापुढे ठेवला. पोर आरशापुढून हलेना. डॉक्टरांनी तिच्या हातात रिटेनर दिला आणि म्हणाले, "खरं काम आता सुरू होतंय." आम्ही माना डोलावल्या. ऐकलं मात्र कुणीच नाही.

तीन महिने सगळं नीट चाललं. मग एका लग्नात जेवताना तिने रिटेनर काढून कागदी रुमालात गुंडाळला आणि पानाशेजारी ठेवला. पंगत उठली, पानं उचलली गेली, त्यांच्याबरोबर रिटेनरही गेला. ओरडा बसेल म्हणून पोरीने सांगितलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. पुढे दिवाळीच्या फोटोत दिसलं, खालचे पुढचे दोन दात पुन्हा एकमेकांवर चढले होते.

"एवढा पैसा पाण्यात घातलास!" हे वाक्य आमच्याच तोंडून गेलं. पोर रडत रडत म्हणाली, "तुम्ही पण दत्तजयंतीला सात दिवस पारायण केलंत. नंतर रोज थोडं वाचणार होतात ना? कुठे वाचता?"

घर एकदम गप्प झालं. खरंच होतं ते. गुरुचरित्राचा सप्ताह थाटात झाला. रोज निदान पाच ओव्या वाचायचा आमचा संकल्प संक्रांतीपर्यंतसुद्धा टिकला नव्हता.

मग आम्ही तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो आणि या वेळी नीट ऐकून घेतलं. दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात. तारेने दात ओढला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. तारा काढल्या तरी ते नवं हाड घट्ट व्हायला महिने लागतात. हिरड्यांतले ताणलेले तंतू तर वर्षभरसुद्धा दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. शिवाय वय वाढेल तशी खालच्या पुढच्या दातांची दाटी होतच असते. ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचीही. म्हणून सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास, पुढे रोज रात्री, आणि दात सरळ राहावेत असं वाटतंय तोवर रिटेनर घालायचा.

भाविकहो, आपल्या मनाचंही हेच आहे ना? सप्ताह, उत्सव, गुरूंच्या सहवासातले दिवस, या झाल्या तारा. त्या मनाला ओढून सरळ करतात. पण राग, हाव, आळस यांचे जुने तंतू ताणलेले असतात, तुटलेले नसतात. उत्सवाचा मांडव उतरला की ते ओढायला लागतात. रोजचं थोडंसं नामस्मरण हा आपला रिटेनर. तो काही नवं करून दाखवत नाही, मिळालेलं जपतो. म्हणून तर त्याचा कंटाळा येतो!

पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदराने केलेला हवा. पहिल्या दोन अटी लेकीला लगेच पटल्या. तिसरीपाशी आम्ही अडकलो. ती रिटेनर घालत होती आमच्या धाकाने. आम्ही वाचत होतो चार लोकांत दिसावं म्हणून. धाक आणि दिखावा फार दिवस पुरत नाहीत. आदर पुरतो.

आजी म्हणाल्या, "नाशवंत देहाचे एवढे लाड कशाला?" बरोबर आहे, रूपाचा अभिमान नको. पण वाकड्यातिकड्या दातांच्या फटींतून घाण साचते, दात नीट घासले जात नाहीत. नाम घ्यायला दिलेलं मुख नीट राखणं ही सेवाच आहे.

पालकांनी एवढं पाहावं. जेवताना काढलेला रिटेनर डबीतच ठेवायचा, रुमालात कधीच नाही. मऊ ब्रशने गार पाण्यात धुवायचा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. काही दिवस राहून गेला आणि आता बसत नसेल, तर जोर लावायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पोराला चूक सांगायची भीती वाटू नये असं घर ठेवायचं. आमची लेक पहिल्या आठवड्यात बोलली असती तर नव्या रिटेनरवर भागलं असतं. आता थोडे महिने पुन्हा तारा आहेत. यात तिच्याइतकीच आमचीही चूक आहे.

गुरूंच्या दारीही हाच न्याय. साधना सुटली म्हणून तोंड लपवायचं नाही. लपवलेले दिवसच दात सरकवतात. जितक्या लवकर परत जाऊ, तितकं कमी सरकलेलं असतं.

लेकीने रिटेनरची रिकामी डबी देवघराच्या कोनाड्यात जपमाळेशेजारी ठेवली आहे. आम्ही माळ घ्यायला गेलो की ती विचारते, "आज झालं का?" तिच्या तारा निघतील तेव्हा आम्हीही तिला हेच विचारू. धाकाने नाही, सोबत म्हणून.

आज रात्री आपल्याही घरी एकमेकांना एवढंच विचारूया.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥