आमचं जॉइंट खातं

बँकेत बावीस वर्षं काउंटरवर बसून मला एक गोष्ट कळली आहे. खातं जॉइंट असलं की पैसे काढायला दोघंही येतात. भरायला मात्र दोघंही एकमेकांची वाट बघतात. आमच्या गल्लीतला रस्ता हे असंच एक जॉइंट खातं आहे, हे मला मागच्या वर्षी कळलं. तेही माझ्याच सहीचा चेक परत आल्यावर!

आमचा जिल्हा 2023 साली उस्मानाबादचा धाराशिव झाला. पाट्या बदलल्या, पायाखालची काळी माती काही बदलली नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकवणं म्हणजे कूस बदलणाऱ्या माणसाच्या पोटावर भरलेलं ताट ठेवणं. तरी रस्त्यासाठी अर्ज मी लिहिला, बासष्ट सह्या घरोघर जाऊन मीच गोळा केल्या. चांगला रस्ता हा घटनेच्या 21व्या कलमातला, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2015 साली सांगितलं होतं. तेही अर्जात घातलं. कॉमर्सच्या पदवीधरानं एकदा घटनेचं कलम लिहिलं, की आपण निम्मे वकील झालो असं त्याला वाटू लागतं.

अर्ज लागू पडला. रस्त्याच्या आधी आठ दिवस रिक्षावर भोंगा बांधून दवंडी फिरली : "नळाची, गटाराची कामं आत्ताच करून घ्या. रस्ता झाल्यावर खोदता येणार नाही." माझ्या नळाचा पाइप जुना झालाय, हे मला ठाऊक होतं. पण तो मार्चअखेरचा आठवडा होता. त्या आठवड्यात बँकवाला बायकोचं ऐकत नाही, तो भोंग्याचं काय ऐकणार?

एप्रिल उजाडला आणि मी रजा टाकून रस्त्यावर उभा राहिलो. जुना थर आधी खरवडतात की नाही ते बघितलं. न खरवडता थरावर थर चढवले की रस्ता उंच होतो आणि पावसाचं पाणी चपला न काढता घरात येतं. मग झाडलोट झाली, पातळ डांबराचा हात फिरला, त्यावर गरम खडी-डांबर पडलं आणि ते निवायच्या आत रोलर फिरला. वरचा थर 20 मिलिमीटरचा, म्हणजे दोन-तीन भाकऱ्या एकावर एक ठेवाव्यात तेवढा. तो मी मुकादमाला पट्टी लावून दाखवायला लावला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बँकेत हाव का पोलिसात?"

विसाव्या दिवशी पाइप फुटला. नव्या रस्त्याच्या बरोबर खाली! आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. आणि पार उजनी धरणापासून आलेलं ते पाणी माझ्या दारात येऊन मातीत मुरत होतं.

रीतसर मार्ग होता. अर्ज करायचा, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च भरायचा, मग खोदायचं. शेजारी म्हणाले, "रात्री फोडून घ्या की! कोण बघायलंय?" दुसऱ्याला स्लिपवरची सही जुळल्याशिवाय पाचशे रुपये न देणाऱ्या मी स्वतःला रात्री अकरा वाजता तोंडी परवानगी दिली. पहार पडली, पाइप जोडला, माती ढकलली, वर सिमेंटचा हात फिरवला. मनाची समजूतही घातली : बासष्टांत एक हिस्सा माझा आहे. मी माझाच हिस्सा फोडला.

तुम्ही म्हणाल, हातभर चरानं असं काय होतं? नेमकं हेच गल्लीतला प्रत्येक जण म्हणतो. पावसाळ्यात ती सैल माती खचली, कडेनं पाणी आत शिरलं, डांबरानं खडीचा हात सोडला. दसऱ्यापर्यंत चराचा खड्डा झाला.

कोजागरीला आमच्याकडची माणसं तुळजापूरला अनवाणी चालत जातात. शेजारच्या आजी पहाटे निघाल्या. मी दारातून हात जोडले, तेवढ्यात त्यांना ठेच लागली. नेमकी माझ्या हिश्शात. अंगठ्यातून रक्त आलं. मी धावलो.

"काही नाही लेकरा," त्या म्हणाल्या, "माझंच ध्यान नव्हतं. रस्ता तर किती चांगला करून आणलाव तुम्ही."

आणि लंगडत पुढे गेल्या. वीस-बावीस किलोमीटर.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या जमेला धरून खातं बंद केलं असतं. या वाक्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, ते मला अजून समजलेलं नाही. हक्क सांगताना रस्ता माझा होता, फोडताना तो सरकारचा होता. ठेच लागली तेव्हा मात्र तो आजींचा निघाला.

सोमवारी जाऊन मी खरं काय ते लिहून दिलं, खर्च भरला. चर पुन्हा उघडला. माती थराथरानं, पाणी मारून, धुमसून भरली; कडा सरळ कापल्या, वर डांबर केलं. आजींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठावं होतं. पहारीचा आवाज काय लपतो?"

आता शेजारच्या गल्लीत रस्ता होणार आहे. रिक्षा भोंगा वाजवत पुढे जाते आणि मागून मी घरोघर विचारत फिरतो, "पाइप बघून घेतला का?" लोकांना वाटतं, बँकवाले नव्या ठेवी मागायला आलेत.

एका अर्थी ते खरंच आहे.