जेवणारा नेमका कोण?

वालाचं बिरडं किंवा हरभऱ्याची उसळ जेवून काही तास उलटले की पोट फुगतं, आणि माणूस म्हणतो, ‘मला गॅस झाला.’ तो वायू बहुतांशी त्याने केलेला नसतोच.

कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. काहींच्या आतड्यात मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी नावाचा सूक्ष्मजीव असतो. तो चार भाग हायड्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड घेऊन एकच भाग मिथेन देतो, म्हणजे वायू उलट कमी करतो. एकाच पंगतीत तेच जेवलेल्या दोघांची पोटं म्हणून वेगळी वागतात.

मानवी पेशी हायड्रोजन वायू बनवत नाहीत. दूध पचत नसल्याची शंका आली, तर डॉक्टर लॅक्टोज पाजून रुग्णाच्या श्वासातला हायड्रोजन मोजतात. आतड्यातला वायू रक्तातून फुप्फुसात येतो. ज्या श्वासाला आपण प्राण मानतो, त्यातही या जिवांचा वाटा आहे!

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की प्राणिमात्रांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन, प्राण-अपानासह, चतुर्विध अन्न तेच पचवतात. यात जिवाणूंचा शोध पाहणं हा गीतेवरही अन्याय आणि विज्ञानावरही. पण पचन हे ‘माझं’ कर्तृत्व नाही, हा त्यातला विचार आतड्याच्या अभ्यासापुढेही टिकतो.

कुणी म्हणेल, भोक्ता आत्मा. जिवाणू फक्त साधन. हे पटत नाही. साधनाला स्वतःची भूक नसते, यांना आहे. तंतुमय अन्न मिळालं नाही, तर त्यांतले काही आतड्याच्या श्लेष्मल थरावर गुजराण करतात. मिळालं, तर ब्युटिरेट तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. 2016 साली झालेल्या एका गणनेनुसार देहात मानवी पेशी सुमारे 30 लाख कोटी, तर जिवाणू सुमारे 38 लाख कोटी. एवढ्यांचा घास ‘मी’ एकट्याच्या नावावर लावणं हा अहंकारच.

तेव्हा गॅसच्या धास्तीने उसळ ताटातून काढू नये. कडधान्य रात्रभर भिजवावं, ते पाणी ओतून द्यावं, प्रमाण हळूहळू वाढवावं. दुखणं सतत राहिलं किंवा वजन घटू लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.