आजीची अर्धी गोधडी

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक अर्धवट गोधडी सापडली. वरखाली तिचीच जुनी लुगडी, मध्ये आजोबांची धोतरं. कडेपासून सुरू झालेल्या धावदोऱ्याच्या फेऱ्या आत आत सरकत आलेल्या, आणि मधला चौकोन तसाच राहिलेला. आई म्हणाली, "तू शिलाई मशीन घेतलंयस ना? मग करून टाक पुरी." मला वाटलं, एका रविवारचं काम आहे.

पण बसलो आणि आधी प्रश्नच पडला. तिने हाताने सुरू केलेलं मी मशीनने संपवायचं का? 'हाताची गोधडी' म्हटलं की आपला आवाज मऊ होतो. 'मशीनची' म्हटलं की ती दुकानातली वाटते. हा संशय काही फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत पडूका इथल्या मोठ्या क्विल्ट प्रदर्शनात मशीनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला सर्वोच्च बक्षीस पहिल्यांदा मिळालं ते १९८९ साली, कॅरल ब्रायर फॅलर्ट यांना. शिलाई मशीन घराघरात पोचून तेव्हा शंभरहून जास्त वर्षं झाली होती.

आपण नेमकी किंमत कशाची करतो? वेळेची? बोटात घुसलेल्या सुईची? तसं असेल, तर आजीची बोटं दुखली म्हणून गोधडी भारी, असंच आपण म्हणतोय. आईला विचारलं तर ती हसली. "अरे, त्याच म्हणायच्या, मशीन असतं तर बोटं वाचली असती." हाताच्या कामाचं कौतुक माझं होतं. आजीचं नव्हतं.

म्हणून मशीन सुरू केलं. घरगुती मशीनची अडचण अशी की सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यात जेमतेम वीतभर जागा असते. कडेला शिवताना चालतं. मध्यभागी शिवायचं तर अर्धी गोधडी गुंडाळून त्या वीतभर जागेत कोंबावी लागते. तिचं वजन खाली लोंबतं, सुईला ओढतं. शिवाय खालचे दाते खालचं कापड पुढे नेतात, वरचा प्रेशर फूट वरचं कापड मागे धरतो. थर एकाच वेगाने सरकत नाहीत. म्हणून मशीनवर क्विल्ट करणारे सहसा मध्यापासून कडेकडे जातात, म्हणजे जास्तीचं कापड बाहेर निघून जातं. आजी उलटी आली होती. हाताने शिवताना प्रत्येक टाक्याला तळव्याने कापड सारखं करता येतं, त्यामुळे तिचं निभावलं. मला मात्र चारी बाजू बंद मिळाल्या. ढिलं पडलेलं कापड जाणार कुठे?

ते खालच्या बाजूला गेलं. ओळ संपवून गोधडी उलटली, तर लुगड्याची वीतभर चुणी टाक्यांत घट्ट अडकलेली. वरून काहीच दिसत नव्हतं.

आजीच्या शेवटच्या फेऱ्यांतले टाके लांब आणि वाकडे आहेत. तिला तेव्हा दिसत नव्हतं. त्या टाक्यांवरून मी प्रेमाने हात फिरवला होता. मग माझ्या चुणीचा राग का यावा? विचार केल्यावर फरक कळला. तिचा वाकडेपणा तिच्या डोळ्यांच्या मर्यादेतून आला होता. माझा घाईतून. कच्चे टाके जवळ जवळ घालायचे, हे मला माहीत होतं. कंटाळा केला. प्रश्न हात की मशीन हा नव्हताच. काम करताना मी तिथे होतो का, एवढाच होता.

ऑफिसात चूक झाली तर मी बदल मागे घेतो, कोड होता तसा होतो. इथे तसं नाही. मशीनचे बारीक टाके उसवले की झिजलेल्या सुतात भोकांची रांग राहते. चूक ठेवली तर अंगाला टोचणार, काढली तर आजीचं लुगडं विरणार. कुणाला दिसणार नाही म्हणून सोडून द्यावं, असंही मनात आलं. पण गोधडीची खालची बाजू बघायची नसतेच. ती अंगावर घ्यायची असते.

उसवलं. त्याच रांगेवर पुन्हा मशीन चालवलं असतं तर भोकाला भोक जोडून कापड फाटलं असतं. म्हणून तेवढ्या जागेत हाताने धावदोरा घातला, भोकं टाळत, लांब लांब टाके. बाकीचा चौकोन नंतर मशीनवरच केला, पण दर ओळीला थांबून, उलटून बघत.

त्या वीतभर धावदोऱ्याला दीड तास लागला. पाच थरांतून सुई निघेना, बोटाच्या टोकाला लाल खळगा पडला. टाके सरळ आले नाहीत. आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आता कळलं, त्या मशीन का मागत होत्या?"