बाटलीवरची बारीक अक्षरं

भारतात जाताना बॅग भरण्याचं शास्त्र आपल्याला सगळ्यांनाच पाठ असतं. २३ किलोची मर्यादा, न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर बॅग धरून उभं राहणं, मग एक बूट काढ, चॉकलेटचं एक पाकीट काढ. आमच्या बॅगेतून जे कधीच निघायचं नाही ते तळाशी असायचं, टॉवेलात गुंडाळलेलं: ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांच्या दोन दांडग्या बाटल्या. दुकान कोणतं ते सांगायला नको. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांतून अशा बाटल्या कुणा ना कुणाच्या आईच्या गुडघ्यांसाठी गेलेल्या आहेत.

माझी आई वाईला असते. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरून ढोल्या गणपतीला जाणं हा तिचा रोजचा नेम. पायऱ्या उतरताना कळ येऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ असं सांगितलं. आजाराचं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस. वंगणाची उपमा फारशी बरोबर नाही, कारण त्यात कूर्चा, हाड, आतलं अस्तर, भोवतीचे स्नायू असा सगळा सांधाच बिघडत जातो. पण यंत्रात वंगण घालावं तशी गोळी पोटात घालावी, हे त्या उपमेतून आपोआप सुचतं. मी सहा वर्षं गोळ्या नेल्या. आई दर रविवारी फोनवर सांगायची, “तुझ्या गोळ्यांनी बरं वाटतंय रे.”

एका डिसेंबरात किमतीचं लेबल खरवडताना (आई डॉलरचा गुणाकार करते, म्हणून ते काढावंच लागतं) खालची बारीक अक्षरं दिसली. कोळंबी, खेकडा. ग्लुकोसामाइन बहुधा याच प्राण्यांच्या कवचांपासून काढतात. मक्यापासून केलेलंही मिळतं, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. आई माळकरी आहे. पालखी लोणंदला आली की दर्शनाला जाते, अंड्याचा केक शेजारच्या ताटात असला तरी आपलं ताट उचलून दुसरीकडे बसते. तिला मी सहा वर्षं खेकड्याचं कवच खाऊ घालत होतो.

मी तिला सांगितलं नाही. सुरुवातीला ही शुद्ध भीती होती. मग त्या भीतीला मी तत्त्वज्ञानाचा अंगरखा शिवला, आणि त्याचं कापड मला वैद्यकशास्त्राने पुरवलं. या गोळ्यांविषयी वाचत गेलो तेव्हा २००६ साली अमेरिकी सरकारच्या पैशातून झालेला एक मोठा प्रयोग हाती लागला. गुडघेदुखीचे १,५८३ रुग्ण, २४ आठवडे. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांचं दुखणं निदान एक पंचमांशाने कमी झालं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचंही झालं. हा फरक सांख्यिकीच्या हिशेबाने धरण्याजोगा नव्हता. जास्त दुखणाऱ्यांच्या एका छोट्या गटात काही फायदा दिसला खरा, पण अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शिकेत गुडघ्यासाठी ही गोळी घेऊच नये असं ठामपणे म्हटलं.

म्हणजे आईला बरं वाटत होतं ते बहुधा गोळीमुळे नव्हतंच. मुलाने सातासमुद्रापलीकडून आणली, याने वाटत असेल. मग खरं सांगून तिचं बरं वाटणं काढून घेण्याचा मला काय अधिकार? अंगरखा मापात बसला. चौदा महिने घातला.

तो उसवला ह्यूस्टनमधल्या एका गोष्टीने. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली नावाचे शल्यविशारद गुडघ्यात दुर्बीण घालून आतला भाग धुण्या-खरवडण्याची शस्त्रक्रिया करत. तेव्हा अमेरिकेत ती सर्रास होई. तिचा उपयोग खरंच होतो का, हे पाहायला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले: काहींचा गुडघा खरवडला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींच्या कातडीवर फक्त तीन छोटे छेद दिले. कोण कुठल्या गटात, याचं बंद पाकीट रुग्ण टेबलावर आल्यावरच उघडायचं. खोट्या शस्त्रक्रियेतही डॉक्टर हत्यारं मागत, गुडघा हलवत, पाण्याचा आवाजही करत. दोन वर्षं सगळ्यांची विचारपूस झाली. कुठल्याही टप्प्यावर खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोटीच्या रुग्णांपेक्षा सरस ठरले नाहीत. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि दोन वर्षांनी मेडिकेअरने गुडघ्याच्या या आजारासाठी अशा धुण्या-खरवडण्याचे पैसे देणं जवळजवळ थांबवलं.

हे नाट्य मला ऐकून माहीत होतं आणि माझ्या बाजूचं वाटत होतं. बघा, खोट्यानेही बरं वाटतं! पण मूळ लेख वाचला तेव्हा वेगळंच कळलं. प्रयोगात येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कागदपत्रांत लिहून द्यावं लागलं होतं की मला कदाचित खोटी शस्त्रक्रिया मिळेल, तसं झालं तर माझ्या सांध्यावर काहीच केलं जाणार नाही, आणि त्याने माझ्या गुडघ्याला फायदा होणार नाही. हे समजल्यावर पात्र असलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जण नको म्हणून निघून गेले.

त्या १४४ जणांपाशी मी अडकलो. त्यांना नाही म्हणता आलं. राहिलेल्यांना फसवलं असं म्हणता येत नाही. आपण फसवले जाऊ शकतो, याला ते कबूल झाले होते. आईला मी दोन्ही वाटा ठेवल्या नव्हत्या. ह्यूस्टनच्या डॉक्टरांशी माझी तुलना करणं म्हणजे स्वतःला फार फुशारकीने पाहणं होतं.

शिवाय मी दोन वेगवेगळी सत्यं एका गाठोड्यात बांधली होती. गोळीचा गुण नाही, हे एक. गोळीत खेकडा आहे, हे दुसरं. पहिलं लपवण्यासाठी दयेची सबब देता येते, आणि तीही लंगडी निघाली. २०१० साली हार्वर्डमधल्या टेड कॅपचुक यांच्या गटाने पोटाच्या एका जुनाट विकाराच्या ८० रुग्णांपैकी काहींना ‘ही खोटी गोळी आहे’ असं सांगूनच ती दिली, तरी काही न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आराम वाटला. तेव्हा दिलासा द्यायला खोटंच लागतं, असंही नाही. दुसऱ्या सत्याला तर सबबच नव्हती. त्यात आईच्या गुडघ्याचा प्रश्न नव्हता, तिच्या व्रताचा होता, आणि ते माझं नव्हतं. धर्मराजाचा रथ चार बोटं खाली आला तो अर्ध्या सत्याने. मी तर अर्धंही बोललो नव्हतो.

आणखी एक गोष्ट मला ताईने सुनावली, तत्त्वज्ञान न शिकता. फिजिओथेरपिस्टने आईला मांडीच्या स्नायूंचे तीन व्यायाम दिले होते. कागद फ्रिजवर चुंबकाखाली पिवळा पडला होता. “गोळ्या चालू आहेत ना, मग कशाला, म्हणते ती,” ताई म्हणाली. “तू बाटली देऊन जातोस. रात्री तेल मी लावते.” याच मार्गदर्शिकेत ज्यांची जोरदार शिफारस आहे त्यात व्यायाम आहे, वजन कमी करणं आहे, काठी आहे. यातलं काहीच बॅगेत घालून नेता येत नाही.

मागच्या फेब्रुवारीत गेलो तेव्हा सांगितलं. ओसरीवर, संध्याकाळी, दोन्ही गोष्टी. आई माळेवर हात ठेवून बराच वेळ गप्प होती. मला वाटलं आता रडेल, किंवा माळ उतरवेल.

“नकळत पोटात गेलं त्याचं पांडुरंग बघून घेईल,” ती म्हणाली. “तुला कधी कळलं?”

मी सांगितलं. तिने बोटांवर महिने मोजले.

“म्हणजे मधली दिवाळी झाली. पाडव्याला मी तुला फोनवर म्हटलं, तुझ्या गोळ्यांमुळे घाट उतरले. तेव्हा तू काय म्हणालास?”

“छान, म्हणालो.”

“हं,” म्हणून ती दिवा लावायला उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखीच.

ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी फ्रिजवरचा कागद काढून ताईला म्हणाली, यातलं दुसरं चित्र काही मला समजत नाही. काठी घ्यायला अजून तयार नाही. ज्या गुडघ्याला जास्त दुखतं त्याच्या उलट हातात धरायची, हे मी सांगितल्यावर तर तिने मला वेड्यातच काढलं. दुखतं का, विचारलं तर म्हणते, दुखतं. पूर्वी ‘बरं आहे’ म्हणायची. गुडघा बिघडलाय, की मला आता ती खरं सांगते, हे मला फोनवरून ओळखता येत नाही.

या वेळी निघण्याआधी विचारलं, काय आणू? म्हणाली, काही नको. मग थोडं थांबून, “त्या बाटल्यांची झाकणं मात्र घट्ट असतात. मोहरीला बऱ्या पडतात. रिकाम्या मिळाल्या कुणाकडे तर आण, आणि घासून आण.”