खोट

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं आणि दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंची पुतळ्यांची माळ कपाटातून काढून पलंगावर पसरली. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. माळ वन्सं आणि मी, दोघींत सारखी वाटायची, असं त्या सांगून गेल्या होत्या. बावीस पुतळ्या. त्यांतल्या सहा तांब्याच्या, वर नुसता सोन्याचा मुलामा, हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

वन्संचं लग्न ठरलं त्या वर्षी निपाणीला तंबाखूच्या धंद्यात आमच्या घराला मोठी खोट आली. सासूबाईंनी सहा पुतळ्या गुपचूप मोडल्या, तशाच दिसणाऱ्या सहा करून ओवल्या आणि लग्न थाटात लावलं. पुढं बिऱ्हाड बेळगावला कॅम्पात आलं. एकदा माळ घासताना त्यांनी मला हे सांगितलं, आणि वर बजावलं, "लेकीला कळता कामा नये. आयुष्यभर मनाला लावून घेईल."

म्हणजे व्यापारातली खोट त्यांनी माळेत नेऊन लपवली होती. आता ती मी वाटायची कशी?

त्याच आठवड्यात लंडनला शिकणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलानं संग्रहालयात पाहिलेल्या एका रोमन नाण्याचा फोटो पाठवला. "मावशी, तुला जुन्या नाण्यांचं वेड, म्हणून पाठवतोय." नाणं सतराशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये पाडलेलं. त्यावर तीन चेहरे एकमेकांना लागून, आणि भोवती लॅटिनमध्ये अक्षरं, 'कॅरॉशियस आणि त्याचे भाऊ'.

हा कॅरॉशियस रोमच्या आरमाराचा अधिकारी. समुद्रातल्या चाच्यांचा बंदोबस्त करायचं काम त्याच्याकडे. आरोप असा, की तो चाच्यांना आधी लुटू द्यायचा, मग पकडायचा आणि लूट आपल्याकडेच ठेवायचा. मृत्युदंडाचा हुकूम सुटला, तेव्हा इ. स. २८६ च्या सुमारास त्यानं ब्रिटनच बळकावलं, स्वतःला सम्राट म्हणवलं आणि लंडनला टांकसाळ घातली. नाण्यावरचे ते 'भाऊ' म्हणजे रोमचे खरे सम्राट, डायोक्लेशियन आणि मॅक्झिमियन. त्यांनी याला कधीच भाऊ मानलं नाही. २९३ मध्ये त्याच्याच कारभाऱ्यानं, अ‍ॅलेक्टसनं, त्याला मारलं, आणि २९६ मध्ये रोमनं ब्रिटन परत घेतलं.

पण खरी गंमत पुढंच आहे. त्या काळी रोमच्या बाजारात चालणारं 'चांदीचं' नाणं म्हणजे बहुतेक तांबंच, वर चांदीचा पातळ हात. आणि या बंडखोरानं मात्र चांगल्या, जवळजवळ शुद्ध चांदीची नाणी पाडली! राजा खरा तिथं नाणं हिणकस, आणि नाणं खरं तिथं राजा तोतया. आता यात खोटं कुणाला म्हणायचं?

लांबचं कशाला, आपल्या गोकाकचंच बघा. मराठेशाहीत तिथं रुपये पडत. त्यांच्यावर फारसीत 'आझमनगर गोकाक' असं ठिकाण असे (आझमनगर हे बेळगावचं मोगली नाव) आणि नाव असे दिल्लीच्या बादशहाचं. शिवाजी महाराजांनी होन आणि शिवराई स्वतःच्या नावानं पाडली होती. पुढच्या मराठी रुपयांवर मात्र बादशहाच आला, कारण बाजाराला त्या नावाची सवय होती. इंग्रज कंपनीनंही १८३५ पर्यंत हेच केलं. लोकांना हे कळत नव्हतं थोडंच? सराफ रुपया वाजवून बघे, कसाला लावी, बट्टा कापून घेई. नाव कुणाचंही असो, चांदी किती ते उघड होतं. म्हणून त्यात फसवणूक नव्हती.

आणि आपली पुतळी तरी कुठली? मूळ नाणं व्हेनिसचं, डुकॅट. त्यावर तिथला राजप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला. आपल्या बायकांना त्यात बाहुलीसारख्या आकृत्या दिसल्या, म्हणून ती पुतळी. पुढं इथल्या सोनारांनी तशाच पाडल्या. अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून नुसत्या रेघोट्या उमटल्या. सोनं खरं, छाप नकली. तरी तिला खोटी कुणी म्हणत नाही. गळ्यात नाणी घालायची हौस तर फारच जुनी. श्वेतांबर परंपरेतल्या कल्पसूत्रात त्रिशलामातेला स्वप्नात लक्ष्मी दिसते, तिच्या छातीवर दीनारांची माळ आहे. 'दीनार' हा शब्दही रोमच्या नाण्याचाच.

पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. अचौर्य व्रताचे पाच अतिचार त्यात सांगितलेत. चोरीला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम मोडून व्यवहार करणं, खोटी वजनंमापं वापरणं आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार. म्हणजे हिणकस वस्तू अस्सल म्हणून देणं. इतकी वर्षं वाचते आहे, पण एक गोष्ट यंदाच ध्यानात आली. हा दोष असत्याखाली नाही, चोरीखाली आहे. म्हणजे तोंडानं एक शब्द खोटा बोलला नाही, तरी हा दोष लागू शकतो. मी गप्प राहून माळ वाटली असती, तर खोटं बोलले नसते. चोरी मात्र केली असती.

मग सासूबाई चोर का? मला तसं वाटत नाही. माळ त्यांची, सोनं त्यांचं. त्यांनी ती कुणाला विकली नाही, गहाण ठेवली नाही. कपाटातली तांब्याची पुतळी कुणाचं काही घेत नाही. ती दुसऱ्याच्या हातात सोन्याच्या भावानं पडते, तेव्हा व्यवहार सुरू होतो. तो व्यवहार माझ्या हातून होणार होता. आणि खरं सांगायचं तर माझ्यापुरता तो आधीच झाला होता. ती माळ घालून मी किती लग्नांत मिरवले! बावीस पुतळ्यांचा मान घेतला, आणि सोळाच आहेत हे जाणून घेतला.

सासूबाईंना दिलेला शब्द मोडू नये, असंही वाटत होतं. पण त्या शब्दाची किंमत वन्संनी नकळत भरावी, हे मनाला पटेना.

वन्सं आल्या. चहा झाल्यावर मी सहा पुतळ्या वेगळ्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "तुला सांगितलं, मला नाही," एवढंच म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी माळ तशीच राहिली. चार दिवस फोनही नाही. माझं चुकलं का, असं रोज वाटे.

पाचव्या दिवशी त्या पुन्हा आल्या. सोळा पुतळ्या आठ-आठ वाटल्या. मग त्यांनी त्या सहांवर हात ठेवला. "ह्या मला दे. माझ्या लग्नाच्या आहेत." एक पुतळी त्यांनी उलटी करून बघितली. कडेला मुलामा उडून तांबं दिसत होतं.

हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिही," म्हणाल्या, "फक्त आईला खोटी म्हणू नकोस." मी कशाला म्हणू?