एबीसी म्हणजे चाचणी नव्हे

बस. मोबाइल पालथा ठेव आणि नीट ऐक. "मॅडम, हॅश जुळतोय," असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालास. काय जुळलं? इंग्रजी एबीसी ही तीन अक्षरं दिलीस, जावात ९६,३५४ आले, तुझ्या जावास्क्रिप्टमध्येही ९६,३५४ आले, की झालं काम! ज्याचा जुना जावा प्रोग्राम तू जावास्क्रिप्टमध्ये आणतोयस, त्या जीन्सच्या ठोक व्यापाऱ्याच्या यादीत एबीसी नावाचं गाव आहे का रे? तिथं अंबरनाथ आहे, बदलापूर आहे, उल्हासनगर आहे. त्यातलं एक नाव घालून बघायला काय झालं होतं?

घे अंबरनाथ. मागचा आकडा गुणिले ३१, अधिक पुढच्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक, एवढीच हॅशची रीत. 'अ'चे २,३०९. अनुस्वार मिळवला की ७३,८८५. ब, र करत 'न'पाशी आलास की होतात २,२०,३४,३९,७१९. जावाचा इंट ३२ बिटांचा, त्यात २,१४,७४,८३,६४७ च्या वर काही मावत नाही. आकडा मुकाट्याने उलटून उणे २,०९,१५,२७,५७७ होतो. जावास्क्रिप्ट मात्र वाढवतच नेतं. शेवटी जावाचं उत्तर ८,६७,६८,७१८ आणि तुझं २१,१७,५०,५६,४५,६४६.

आता नोंदींचं बघ. हॅशला दहाने भागून जी बाकी उरेल त्या नंबरच्या फाइलीत नोंद. जुन्या प्रोग्रामने अंबरनाथवाल्यांची उधारी ८ नंबरच्या फाइलीत ठेवली आहे, तुझा प्रोग्राम ६ नंबरची उघडतो. तिथं खातं सापडत नाही, म्हणून नवं काढतो आणि येणं शून्य दाखवतो. एरर नाही, इशारा नाही. एखाद्याची वर्षाची वसुली अशी गडप होईल आणि तुझ्या स्क्रीनवर सगळं आलबेल दिसेल. हे तुला किरकोळ वाटतं, याचाच मला जास्त राग येतो.

लगेच कीबोर्डकडे हात नेऊ नकोस. शेवटच्या ओळीत एकदा 'ऑर शून्य' लावून आकडा ३२ बिटांत कोंबायचा, हेच मनात आहे ना? कर. अंबरनाथ जुळेल, बदलापूर जुळेल, उल्हासनगरही जुळेल, आणि तू पुन्हा मिरवत येशील. मग 'उल्हासनगर-४' घाल. कॅम्प नंबराशिवाय तिथला पत्ता लिहितं कोण? जावास्क्रिप्ट संख्या ६४ बिटांच्या डबलमध्ये ठेवतं आणि पूर्णांक नेमके राहतात ते २ च्या ५३ व्या घातापर्यंतच. 'उल्हासनगर'ची चिन्हं नऊ, पाय मोडल्याची खूण धरून. ती आत बसतात. दहावी आडवी रेघ आली की मर्यादा ओलांडली आणि खालचे बिट गळाले. जावाचं उत्तर विषम येतं, तुझं सम. गळालेले बिट शेवटच्या ओळीत कुठून आणणार आहेस? 'ऑर शून्य' लूपच्या आत हवं, प्रत्येक फेरीला. ३१ लहान आहे म्हणून एवढ्यावर भागतं. एफएनव्ही हॅशचा १,६७,७७,६१९ हा गुणक असता तर मॅथ डॉट इम्युलसारख्या उपायाशिवाय गत्यंतर नव्हतं.

रिव्हेस्ट यांनी १९९२ मध्ये आरएफसी १३२१ मधून एमडी५ हे हॅशचं सूत्र मांडलं, तेव्हा सोबत चाचणीची उत्तरंही दिली, थेट रिकाम्या स्ट्रिंगपासून. एवढ्या मोठ्या माणसाला ती द्यावीशी वाटली, आणि तुझं तीन अक्षरांवर भागलं!

जुना जावा प्रोग्राम चालव आणि यादीतल्या एकूण एक नावाचा हॅश काढ. रिकामी स्ट्रिंग घाल, पाचही कॅम्पचे पत्ते घाल. ज्यांचा हॅश ऋण येतो ती नावं वेगळी काढ आणि जुन्या कोडने ऋण बाकीचं काय केलंय ते वाच. उणे ७ ला ॲब्स लावलं तर ७ नंबरची फाइल, दहाचा फ्लोअरमॉड लावला तर ३ ची. अंदाजपंचे ठरवायचं नाही. दोन्हींकडची उत्तरं शेजारी शेजारी मांडून माझ्या टेबलावर आणून ठेव. तोवर त्या व्यापाऱ्याच्या मशीनला बोटही लावायचं नाही.